वाचलेला वेळ जातो कुठे?

रविवार, रात्रीचे साडेनऊ

तीन आठवड्यांपूर्वी सुरू केलेली वही आज पहिल्या पानापासून वाचून काढली. दर अर्ध्या तासाला एक ओळ, त्या वेळात काय केलं एवढीच. पहिले दोन दिवस कंटाळा आला, मग हात आपोआप पेनकडे जायला लागला. आता त्या पानांमधून जे दिसतंय ते लगेच लिहून ठेवते, नाहीतर उद्याच्या गडबडीत निसटून जाईल.

महिनाअखेरच्या अहवालात माझा अख्खा दिवस जातो, असं मी कायम सांगत आले. वहीप्रमाणे आकडे जुळवण्याचं खरं काम जेमतेम अडीच तासांचं. बाकीचा वेळ ‘मी कुठवर आले होते’ हे शोधण्यात गेला होता. मध्येच एका मेलला उत्तर दिलं, कुणाला तरी एक फाइल पाठवली, परत शीट उघडलं आणि कोणत्या रकान्यात होते तेच आठवेना. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली नेमकं हेच मांडलं होतं. काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा मागेच रेंगाळतो, आणि पुढच्या कामाला पुरतं लक्ष मिळत नाही. तिच्याच नंतरच्या अभ्यासातला उपायही साधा आहे. उठण्यापूर्वी कुठे थांबलो आणि परतल्यावर पहिलं काय करायचं, हे दोन ओळींत लिहून ठेवायचं. मी करून पाहिलं. या एका सवयीने मला जितका हात दिला तितका कुठल्याही ॲपने दिलेला नाही.

बाकीचे बदल लहानच होते. मेल दिवसातून तीनदा बघायचा. अहवालाचा साचा एकदाच नीट बसवून त्यात सूत्रं घालून ठेवायची. सकाळचा पहिला दीड तास सगळ्यात अवघड कामाला. दुसऱ्या आठवड्यात रोजचा साधारण सव्वा तास वाचत होता. मला फार आनंद झाला होता.

आणि तरीही त्या आठवड्यात पाचही दिवस मी घरी नेहमीच्याच वेळेला पोचले.

आज खरं तर याच पानांवर थांबून राहिले. सव्वा तास गेला कुठे? मंगळवारची नोंद: ‘अहवाल लवकर झाला, दुसऱ्या विभागाचा घेतला.’ बुधवार: ‘तुझं आटोपलंय ना, मग हे जरा बघ.’ गुरुवारी तर कुणी काही म्हणालंही नव्हतं, मीच होऊन पुढच्या आठवड्याचं काम ओढून घेतलं होतं. हात रिकामे दिसू नयेत म्हणून. ही भीती माझ्या मनात किती खोल बसली आहे ते वहीने दाखवलं.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाबद्दल लिहिलं होतं ते आठवलं. जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन आधीच्या इंजिनांपेक्षा पुष्कळ कमी कोळशात तेवढंच काम करायचं. मग देशाचा कोळसा वाचायला हवा होता. झालं उलटं. इंजिन चालवणं स्वस्त पडू लागलं, म्हणून ते जास्त ठिकाणी बसवलं गेलं आणि एकूण खप वाढला. माझ्या सव्वा तासाचं अगदी हेच झालं. मी कमी वेळात काम करू लागले म्हणून माझ्याकडे जास्त काम येऊ लागलं. वाचलेल्या वेळाला मी मालकच नेमला नव्हता, मग जो पहिला आला त्याने तो नेला.

म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच वहीत लिहिलं: सहा ते सात, बाबा.

बाबांची नजर आता अधू झाली आहे. वाचनाचं त्यांचं वेड तसंच आहे, अक्षरं मात्र लागत नाहीत. ‘तुला सवड झाली की वाचून दाखव’ असं ते गेलं वर्षभर म्हणत होते आणि मी ‘हो बाबा, या आठवड्यात नक्की’ म्हणत होते. सोमवारी, मंगळवारी जमलं. बुधवारी पाच वाजता एक काम आलं आणि मी बसून राहिले. घरी आले तेव्हा बाबा पुस्तक मांडीवर ठेवून झोपले होते. ते बघून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. गुरुवारी तसंच काम आलं तेव्हा मॅडमना म्हटलं, ‘मी आता निघते, उद्या दहापर्यंत तुमच्या हातात देते.’ त्या म्हणाल्या, ‘चालेल.’ एवढंच. ज्या उत्तराला मी इतकी वर्षं घाबरत होते ते तीन अक्षरांचं निघालं. प्रत्येकाच्या नशिबी असं उत्तर असतंच असं नाही, हे मला ठाऊक आहे. जिथे माणसंच अपुरी आहेत तिथे एकट्याच्या झपाट्याने काही सुटत नाही.

घरचीही पानं आहेत. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले, अशी कामगारांची जुनी मागणी होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ सालच्या पहिल्याच ठरावात दिवसाला आठ तासांची मर्यादा आली. त्यातले ‘आपले’ आठ मी वहीत शोधले, तर प्रवास, स्वयंपाक आणि आवराआवरीनंतर पन्नास मिनिटं उरत होती. शनिवारी वही ह्यांच्यापुढे ठेवली. वाद घातला नाही, नुसती पानं दाखवली. कपडे आणि रात्रीची आवराआवर आता त्यांच्याकडे आहे. आज पहिला दिवस नीट पार पडला.

एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. शुक्रवारी वाचताना मी मनात हिशेब मांडत होते: रोज दहा पानं झाली तर पुस्तक कधी संपेल? आणि तेवढ्यात बाबांनी थांबवलं, ‘ते वाक्य परत वाच.’ मी परत वाचलं. मग त्या वाक्यावरून त्यांना त्यांच्या पहिल्या नोकरीतली एक गोष्ट आठवली, जी मी कधीच ऐकली नव्हती. तासाभरात तीन पानं झाली. त्या नोंदीपुढे मी पानांचा आकडा लिहिला होता, तो आज खोडून टाकला. या तासाला मोजपट्टी लावायची नाही.

उद्या अहवालाचा दिवस आहे. थांबण्याची जागा लिहून ठेवलेली आहे: चौथं शीट, खर्चाचा रकाना, आधी बेरीज तपासणे. बाबांच्या पुस्तकात खूण चौऱ्याऐंशीव्या पानावर आहे.