लेकीची गोळी आणि माझी धास्ती

लेकीला शिंक आली तरी पहिले सहा महिने माझी नजर कपाटातल्या त्या पाकिटाकडे जायची. रोसुवास्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, 5 मिलिग्रॅम, रोज रात्री एक. वय नऊ. दिवसभर चोपड्याच्या आमच्या गल्लीत सायकल फिरवणारी, अंगाने काटकुळी, कधी दवाखान्याची पायरी न चढलेली पोरगी. तिला मी रोज हृदयरोग्यांची गोळी देत होते.

सुरुवात तिच्या वडिलांपासून झाली. कापूस वेचणीच्या दिवसांत, 38 व्या वर्षी, यांना हार्ट अटॅक आला. तंबाखू नाही, दारू नाही, पोट सुटलेलं नाही. जळगावला ॲन्जिओप्लास्टी झाली. घरी सोडण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी यांच्या टाचेमागची शीर दोन बोटांत धरून पाहिली. ती जाड आणि गाठाळ होती. शेतात राबून तशी झाली असेल असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. त्यांनी विचारलं, "वडील कशाने गेले?" सासरे 42 व्या वर्षी बांधावर बसल्या जागी गेले होते. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून उतरणारं चढं कोलेस्टेरॉल; टाचेमागची जाड शीर ही त्याचीच खूण. म्हणाले, "दोन्ही मुलांची लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी करा. हा दोष प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी."

गावी परतल्यावर एका दवाखान्यात विचारलं, तर उत्तर मिळालं की लहान मुलांना कोलेस्टेरॉल नसतं, उगाच रक्त काढू नका. त्या एका वाक्याने आमचे चार महिने खाल्ले. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ते चार महिने मी निर्धास्त होते.

शेवटी जळगावलाच नेलं. धाकट्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 94 आलं, लेकीचं 236. पुन्हा केलं, 241. थायरॉईड पाहिलं, लघवी पाहिली, कारण दुसऱ्या आजारांनीही हा आकडा चढतो. ते सगळं ठीक होतं. कुठल्याही लहान मुलाचं एलडीएल दोनदा 190 च्या वर, किंवा घरात लवकर हृदयविकार असताना 160 च्या वर आलं, की या आजाराचा दाट संशय घ्यायचा, हे मला तिथे कळलं.

मग नातेवाइकांचे सल्ले. शेवभाजीची तर्री बंद करा, भरितात तेल कमी घाला, अर्जुनसालीचा काढा द्या. आम्ही तळलेलं कमी केलं, साय-लोणी कमी केलं. तीन महिन्यांनी आकडा 219. इथे दोष खाण्यात नव्हताच. यकृताच्या पेशींवर एलडीएलला पकडून रक्तातून आत ओढणारे रिसेप्टर असतात. आईबापांपैकी एकाकडून बिघडलेला जीन आला, तर त्यातले सुमारे निम्मेच काम करतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे रिसेप्टर शोधले, त्यांना 1985 चं नोबेल मिळालं. म्हणजे माझी लेक जन्मल्या दिवसापासून चढ्या कोलेस्टेरॉलवर वाढत होती. हे समजल्यावर भरिताचा धाक माझ्या मनातून गेला, आणि गोळीचा बसला.

सासूबाई अमळनेरकडच्या. गोळीचं ऐकून म्हणाल्या, "इतली ल्हानी पोरले रोज गोयी? तिनी ताकद निंघी जाई." त्यांच्या 'ताकद'चा अर्थ मी प्रतिकारशक्ती असा घेतला, कारण माझीही भीती तीच होती. स्टॅटिन, म्हणजे लेकीच्या गोळीच्या जातीची औषधं, रोगप्रतिकारक पेशींवरही परिणाम करतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. पावसाळ्यात आमच्याकडे तापाची साथ ठरलेली. अशात पोरीचं कवचच पातळ झालं तर?

हाच प्रश्न घेऊन मी नाशिकला लहान मुलांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अर्धा तास दिला. कागदावर रक्तवाहिनी काढली. जास्तीचं एलडीएल वाहिनीच्या भिंतीत शिरतं आणि तिथे बिघडतं. मग त्याला उचलायला कोण येतं? प्रतिकारशक्तीचेच शिपाई, पांढऱ्या पेशी. त्या चरबी खाऊन खाऊन फुगतात, तिथेच अडकतात, भिंत सुजत राहते. म्हणाले, "ताई, प्रतिकारशक्ती आजच कामाला जुंपलेली आहे, पण चुकीच्या जागी." नॉर्वेतल्या संशोधकांना अशा मुलांच्या रक्तात दाह वाढवणाऱ्या आणि दाह शमवणाऱ्या रेणूंचा तोल बिघडलेला दिसला होता, हेही त्यांनीच सांगितलं. मला हे ऐकून रडू आलं. मी जे कवच जपायला निघाले होते, ते आधीच आतल्या आत झिजत होतं.

मी वाचलेलं मात्र खोटं नव्हतं. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी अडवतात. त्याच वाटेवर पेशींना आपसांतल्या संदेशांसाठी लागणारे काही रेणूही बनतात, म्हणून प्रतिकारक पेशींचा भडका थोडा मंदावतो. रक्तातला सीआरपी हा दाहाचा आकडा उतरतो. पण अवयव बदलल्यावर देतात तशी ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नव्हेत. हिच्यासाठी कुठली लस टाळायची गरज नाही, हे त्यांनी मला लिहून दिलं. दहाव्या वर्षी शाळेत टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीचं) इंजेक्शन आलं, तेव्हा तो कागद मी आरोग्यसेविकेला दाखवला आणि लेकीने निमूट दंड पुढे केला.

नेदरलँड्समधला अभ्यासही त्यांनी सांगितला, आणि माझा निर्णय त्यावर झाला. लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या 214 जणांचा 20 वर्षं पाठपुरावा झाला, 2019 मध्ये निष्कर्ष छापले गेले. 39 वर्षांपर्यंत त्यांच्यापैकी सुमारे 1 टक्क्याला हृदयविकाराची घटना झाली. त्यांच्या याच आजाराच्या आईवडिलांमध्ये, त्याच वयापर्यंत, 26 टक्के. त्या 26 मध्ये मला आमचे हे दिसले.

गोळीआधी यकृताचे आकडे आणि सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली तर वाढणारा रक्तातला आकडा, तपासले, मग ठरावीक काळाने पुन्हा. पाय दुखले तर लगेच सांगायचं, हे लेकीला पाठ आहे. वयात आल्यावर, पुढे बाळाचा विचार करताना, या गोळीबद्दल आधी डॉक्टरांशी बोलायचं, हे मी तिला आताच थोडं थोडं सांगते. यांची गोळी वेगळी, ॲटोरवास्टॅटिन. मागच्या वर्षी खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं गेलं, तेव्हा मी हृदयाची फाइल पुढे ठेवली. दोन्ही एकत्र घेतली तर स्नायूंना धोका असतो, म्हणून दुसरं अँटिबायोटिक मिळालं. तेव्हापासून सर्दीच्या औषधालाही मी दोघांच्या फाइली पिशवीत घालून नेते.

मी एक वही ठेवली होती. ताप कधी, किती दिवस, शाळा किती बुडाली. गोळीआधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष, फरक नाही. एका मुलीची वही म्हणजे पुरावा नव्हे, पण रात्री झोप लागायला मला ती पुरली. लेकीचं एलडीएल आता 122 आहे. 130 च्या खाली आणायचं होतं.

राहिले सुरतचे दीर. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते. "आम्हाला काही होत नाही, वहिनी," एवढंच म्हणायचे. परवा रात्री जाऊबाईंनी त्यांना न विचारता मुलीचा रिपोर्ट मोबाइलवर पाठवला. एलडीएल 211. मी लगेच फोन लावला. घाबरू नका, पुन्हा एकदा तपासा, थायरॉईडही करा, आणि भावजींचं रक्त याच आठवड्यात द्या. त्या रडत होत्या. मागून दिरांचा आवाज आला, "वहिनीला विचार, अमळनेरला कोणती गाडी थांबते."