चेतनगुणोक्ती ओळखायची तर क्रियापद बघा

‘वाऱ्याने दार उघडले’ यात अलंकार नाही. ‘वाऱ्याने दार ठोठावले’ यात आहे. उघडायला नुसता जोर पुरतो. ठोठावायला आत कुणीतरी आहे हे ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक असणं आपण वाऱ्याला दिलं, म्हणून ही चेतनगुणोक्ती.

निर्जीव वस्तू, निसर्गातल्या गोष्टी किंवा अमूर्त कल्पना माणसासारख्या वागतात असं वर्णन म्हणजे चेतनगुणोक्ती, ही व्याख्या दहावीच्या मुलांना पाठ असते. तरी पेपरात गोंधळ होतो, कारण मुलं नामाकडे बघतात. ‘नदी ही माउलीच’ हे रूपक. ‘नदी जणू रुसली’ म्हटलं की ‘जणू’मुळे उत्प्रेक्षा. ‘नदी रुसली’ एवढंच म्हटलं तर चेतनगुणोक्ती. नदी तिन्हीकडे तीच आहे.

वाक्याच्या सांगाड्यावरही भरवसा ठेवू नये. ‘रसाला उकळी आली’, ‘गुळाला रंग आला’ आणि ‘रंकाळ्याला झोप आली’ ही तिन्ही वाक्यं एकाच घडणीची. पहिली दोन गुऱ्हाळावर रोज ऐकू येतात आणि काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, तसं खरंच घडतं. झोप मात्र जिवंत प्राण्यालाच येते, रंकाळ्यासारख्या तलावाला नाही.

मराठीत चेतना द्यायची आणखी एक बारीक सोय आहे, ती म्हणजे कर्माचा ‘ला’. आपण ‘झाड पाहिलं’ म्हणतो, पण ‘मुलीला पाहिलं’. म्हणून ‘मी डोंगराला पाहिलं’ म्हटलं की क्रियापद साधं असूनही डोंगर जरा जागा होतो. हाक मारली तर काहीच बाकी राहत नाही: ‘पावसा, जरा थांब.’ संबोधनाचा हा उपयोग मला फार आवडतो, कारण त्यात वर्णनाचा एक शब्दही लागत नाही.

सगळ्यात जास्त गुण जातात ते लक्षणेत, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याला जोडलेला दुसरा अर्थ घ्यायचा असतो तिथे. ‘सारं कोल्हापूर शाहू स्टेडियमवर लोटलं’ ही चेतनगुणोक्ती नव्हे. कोल्हापूरच्या जागी ‘कोल्हापूरची माणसं’ घालून बघा, अर्थ तोच राहतो. ‘कोल्हापूर आळोखेपिळोखे देत उठलं’ इथे तसं करून चालत नाही, सगळी माणसं एकदम आळोखेपिळोखे देत नाहीत. इथे शहरच उठलं आहे.

लिहिताना वस्तू मुळात काय करते तिथून सुरुवात करावी. उसाची पाती वाऱ्यात एकमेकांवर घासून सळसळतात, म्हणून ‘ऊस कुजबुजतो’ पटतं. ‘ऊस हसतो, नाचतो, गातो’ यातलं काहीच दिसत नाही; तीन क्रियापदं एकमेकांना खोडतात. एकच घ्यावं आणि ते पुढच्या वाक्यातही पाळावं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. तिथे ‘दरवाजा उघडला’ हे शब्दशः खरं. चेतना द्यायची तर ती त्या दाबातूनच काढावी: ‘पाणी दाराला टेकून उभं राहिलं आणि शेवटी दाराने त्याचं ऐकलं.’ ‘दार आनंदाने उघडलं’ यातला आनंद कुठून आला, ते सांगता येत नाही.

काही क्रियापदं वापरून इतकी झिजतात की त्यांतलं माणूसपण उरत नाही. पडलेल्या उसाला शेतकरी ‘लोळला’ म्हणतो तेव्हा तो अलंकार योजत नसतो. ‘पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली’ हेही तसंच; ती पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोक्याची ४३. वाचणाऱ्याला मोजपट्टीच दिसते.

‘निसर्ग कोपला’ मात्र मला बातमीत खटकतं. कोप म्हटला की पूररेषेच्या आत बांधकाम कुणी केलं, परवानगी कुणी दिली, हे विचारायचं राहून जातं. कर्त्याच्या जागी निसर्ग बसला की माणूस वाक्यातून बाहेर पडतो. ‘नदी घरात शिरली आणि चुलीपाशी बसली’ हे कवितेत लिहावं. पंचनाम्यात पाणी किती फूट होतं, किती दिवस होतं आणि कोणती भिंत पडली, तेवढंच हवं.