‘डॅमेज’ कुठे संपते?

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. बोटी, गोदामे आणि घरे यांच्या विम्याचे दावे तपासणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून मी नासधुशीच्या इंग्रजी शब्दांबद्दल लिहितो. वादळ होऊन गेले की आपल्या किनाऱ्यावरून इंग्रजी अर्जांचे गठ्ठे निघतात आणि त्यांत सगळेच ‘डिस्ट्रॉइड’ झालेले असते. चार कौले उडाली तरी डिस्ट्रॉइड, घर भुईसपाट झाले तरी डिस्ट्रॉइड. मग वाचणारा दोन्हींवर सारखाच अविश्वास दाखवतो.

पहिला प्रश्न एकच: दुरुस्ती होईल का? होत असेल तर डॅमेज, होणारच नसेल तर डिस्ट्रॉय. वाशे मोडले, भिंतीचे चिरे निखळले, तरी घर डॅमेज्डच. माड मुळासकट उपटला तर मात्र डिस्ट्रॉइड म्हणायला हरकत नाही, कारण तो पुन्हा उभा करता येत नाही. डॅमेज होते ते वस्तूंचे. खलाशाला लागले तर तो ‘इंजर्ड’. आणि हा शब्द नुकसान या अर्थी नेहमी एकवचनी. ‘मेनी डॅमेजेस’ लिहिले की गोंधळ होतो, कारण डॅमेजेस म्हणजे कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई.

सरकारी मदतीच्या निकषांत याच शब्दाच्या पायऱ्या आहेत: फुल्ली, सिव्हिअरली आणि पार्शली डॅमेज्ड. झोपडी सोडून इतर घरांत शेवटच्या पायरीसाठी निदान १५ टक्के नुकसान दिसावे लागते. अशा ठिकाणी फॉर्ममधलाच शब्द जसाच्या तसा लिहावा. ‘डेव्हॅस्टेटेड’ लिहून भाषा खुलवायला गेलात तर अर्ज कोणत्या रकान्यात घालायचा हेच कारकुनाला कळत नाही.

विम्यात याहून विचित्र प्रकार आहे. बोट वाळूवर धडधाकट उभी दिसते आणि तरी कागदावर ती ‘टोटल लॉस’ असते. १९६३च्या सागरी विमा कायद्यात ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ म्हणून जी सोय आहे, तिच्यानुसार दुरुस्तीचा खर्च दुरुस्त बोटीच्या किमतीहून जास्त होत असेल तर नुकसान संपूर्ण धरता येते. म्हणजे इथे किती मोडले याला महत्त्व नाही, हिशेबाला आहे.

रुइन हा शब्द आपल्याकडे फार कमी वापरला जातो. खरे तर पुरानंतर सर्वात उपयोगी तोच. वस्तू जागच्या जागी आहे, तुकडाही पडलेला नाही, पण ती कामाची राहिली नाही, तर ती रुइन्ड. २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा दुकानांतले तांदूळ, कापड, वह्या यांना हाच शब्द शोभतो. बर्फ संपल्यावर बांगडा मात्र ‘स्पॉइल’ होतो, कारण तो आतून नासतो. अवकाळी पावसाने हापूसचा मोहोर करपला तर पीक रुइन्ड. पेटीत आंबा सडला तर स्पॉइल्ड. अनेकवचनी रुइन्स म्हणजे अवशेष. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट ‘इन रुइन्स’ आहे. तो डिस्ट्रॉइड म्हटला तर तिथे जाऊन पाहायला काही उरले नाही असा अर्थ होईल.

डिमॉलिशमागे सहसा माणसाचा हेतू असतो. अनधिकृत बांधकाम नगरपालिका डिमॉलिश करते, वादळाला हे क्रियापद जरा अवघडते. जमीनदोस्त करणे म्हणजे ‘रेझ’. उच्चार उभे करण्याच्या ‘रेझ’सारखाच आणि अर्थ नेमका उलटा, तेव्हा स्पेलिंगमध्ये झेड आहे ना ते बघून घ्या. डेव्हॅस्टेट हा मोठ्या मुलखाचा शब्द. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातल्या नारळी-पोफळीच्या बागा डेव्हॅस्टेट केल्या हे बरोबर. एका माडासाठी तो वापरू नये. माणूस डेव्हॅस्टेटेड म्हणजे दुःखाने कोलमडलेला. रॅव्हेज त्याच्या जवळचा, पण त्याचा भाऊबंद ‘रॅव्हिशिंग’ म्हणजे अतिसुंदर, हे ठाऊक नसले तर फजिती ठरलेली.

हॅवॉक म्हणजे धुमाकूळ. त्याबाबत दोन चुका कायम दिसतात. वादळ हॅवॉक ‘रीक’ करते, ‘रेक’ करत नाही. रेक म्हणजे फुटलेले जहाज किंवा ते फोडणे. भूतकाळी रूप ‘रीक्ड’. आणि ‘हॅवॉक्स’ असे अनेकवचन नाही. डेसिमेट रोमन सैन्यातून आला: शिक्षा म्हणून दर दहातला एक मारायचे. आज बहुतेक कोश ‘मोठा भाग नष्ट करणे’ हा अर्थ मान्य करतात, मलाही तो चालतो. पण ‘कम्प्लीटली डेसिमेटेड’ मी खोडतोच, कारण काहीतरी शिल्लक राहणे त्या शब्दातच आहे. समूळ नाशासाठी अ‍ॅनिहिलेट आहे. त्यातला एच उच्चारायचा नाही: ‘अनायलेट’.

समुद्रावर तर प्रत्येक अपघाताला वेगळे क्रियापद. पाणी भरून बुडाली तर बोट ‘फाउंडर’ झाली, उलटली तर ‘कॅप्साइझ’, वाळूवर किंवा खडकावर चढली तर ‘रॅन अग्राउंड’. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली, सहाशेहून अधिक माणसांसह गेलेली रामदास बोट कॅप्साइझ झाली. ‘फ्लाउंडर’ हा निराळाच शब्द, त्याचा अर्थ धडपडणे. शेतात शिरणारे खारे पाणी अडवणारा खारबंदिस्तीचा बांध फुटला तर ‘ब्रीच’. २ जुलै २०१९ला तिवरे धरण फुटले त्यालाही हाच शब्द.

राहता राहिला ढिगारा. बोटीचा किंवा गाडीचा असेल तर रेकेज, चिऱ्या-विटांचा असेल तर रबल, इतस्ततः पसरलेले काहीही असेल तर ‘डेब्री’. त्यातला शेवटचा एस मुका. तिन्ही एकवचनीच लिहायचे. बऱ्याच पॉलिसींत ‘रिमूव्हल ऑफ डेब्री’ असे वेगळे कलम असते. पडलेल्या घराचे चिरे, कौले, वाशे उचलून नेण्याचा खर्च त्या कलमाखाली वेगळा मागावा, घराच्या रकमेत मिसळू नये.