जुने कन्सोल गेम खेळायला बसताय? आधी टीव्हीकडे बघा

मेगा मॅन 2 किंवा पंच-आउट दहा मिनिटं खेळून ‘जुने गेम फारच कठीण बुवा’ म्हणत कंट्रोलर खाली ठेवणारे बरेच भेटतात. दोष बहुतेक वेळा त्यांच्या हातांचा नसतो, टीव्हीचा असतो. एनईएस, सुपर निन्टेंडो, मेगा ड्राइव्ह हे कन्सोल सेकंदाला साधारण 60 फ्रेम काढायचे, म्हणजे एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची. पिक्चर ट्यूबचा टीव्ही ती आली तशी दाखवायचा. आजचा सपाट टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात 50 मिलिसेकंद सहज खातो. झाल्या की तीन फ्रेम! पंच-आउटमध्ये समोरच्याचा खांदा हलला की चुकवायचं असतं. तिथे तीन फ्रेम उशीर म्हणजे तोंडावर ठोसा.

म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावा आणि हालचाल गुळगुळीत करणारे सगळे पर्याय बंद करा. रेट्रोआर्च या एम्युलेटरवर (जुने गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) खेळत असाल तर बटण दाबल्यानंतरचा उशीर कमी करणारी ‘रन-अहेड’ नावाची सोय आहे, ती डोळे झाकून वाढवू नका, मोजून लावा. खेळ चालू असताना पी दाबून थांबवा, उडीचं बटण दाबून धरा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. पात्र तिसऱ्या फ्रेमला हललं तर आकडा दोन ठेवायचा, दुसऱ्या फ्रेमला हललं तर एक. यापेक्षा जास्त ठेवलात तर उडीच्या सुरुवातीच्या फ्रेम गायब होतात आणि पात्र झटके खात हलतं. हा आकडा गेमगणिक बदलतो, त्यामुळे प्रत्येक गेमसाठी वेगळा जतन करा.

दुसरी गफलत आवृत्तीची. युरोपातल्या जुन्या आवृत्त्या 50 हर्ट्झवर चालायच्या आणि त्यातल्या कित्येकांचा वेग जुळवून घेण्याची तसदी कोणी घेतलीच नाही. असा गेम सुमारे 17 टक्के संथ चालतो, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात त्या वेगळ्याच. जपानी किंवा अमेरिकी, म्हणजे 60 हर्ट्झची आवृत्ती घ्या. आणि चित्र 4:3 मध्येच ठेवा. रुंद पडदा भरायला ताणलेला मारिओ बघवत नाही.

एवढं झालं की सुरुवात मेगा मॅन 2 (1988) पासून करावी, असं माझं मत. आठ बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटी उभे असलेले मोठे शत्रू, हव्या त्या क्रमाने. पहिला मेटल मॅन घ्या. त्याच्याकडून मिळणारं मेटल ब्लेड आठही दिशांना फेकता येतं आणि त्याची ऊर्जा इतकी हळू संपते की उरलेला अर्धा गेम त्याच्यावर निघतो. क्विक मॅनच्या लेव्हलमध्ये स्पर्श होताच जीव घेणारे किरण आहेत; फ्लॅश मॅनला आधी हरवलं असेल तर टाइम स्टॉपरने ते गोठवता येतात. पण तो एकदा चालू केला की ऊर्जा संपेपर्यंत थांबत नाही, म्हणून शेवटच्या, दाट किरणांसाठी राखून ठेवा. खलनायक वायलीच्या किल्ल्यातल्या चौथ्या लेव्हलचा बॉस मात्र भल्याभल्यांना अडवतो. भिंतीवरच्या तोफा फक्त क्रॅश बॉम्बने फुटतात, भरलेल्या पट्टीत सातच बॉम्ब बसतात, आणि वाटेतल्या भिंती फोडायलाही तेच लागतात. एकही वाया घालवायची मुभा नाही. खोलीत शिरण्यापूर्वी पट्टी पूर्ण भरलेली हवी आणि कोणती भिंत फोडायची, कोणती वळसा घालून टाळायची हे आधी ठरलेलं हवं.

सुपर मारिओ ब्रदर्स 3 (जपानमध्ये 1988, अमेरिकेत 1990) बद्दल थोडक्यात: मूळ एनईएस आवृत्तीत सेव्ह नाही आणि जगं आठ आहेत. एका बैठकीत जमणार नसेल तर 1993 च्या सुपर मारिओ ऑल-स्टार्समधली आवृत्ती घ्या, तिच्यात सेव्ह होतं. शिट्ट्यांची गंमत एकदा बघाच. 1-3 मध्ये, म्हणजे पहिल्या जगाच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये, पांढऱ्या ठोकळ्यावर उभं राहून काही सेकंद खाली दाबून धरलं की मारिओ देखाव्याच्या मागे पडतो. तसंच धावत लेव्हलच्या शेवटामागे गेलात की शिट्टी मिळते. पण त्या फुंकून पहिल्याच खेपेला आठव्या जगात जाऊ नका. चौथं जग, जिथे सगळंच अवाढव्य आहे, तेच हुकेल.

सुपर मेट्रॉइड (1994) साठी मात्र सवड काढा. हा गेम सूचना देत नाही, दाखवतो. आणि अडकणारे बहुतेक ठरावीक ठिकाणीच अडकतात. ब्रिन्स्टार नावाच्या भागात पायाखाली ढासळणारा लांब पूल येतो. साध्या चालीने तो पार होत नाही. धावायचं बटण आहे, मूळ मांडणीत बी, आणि तोवर त्याची गरजच पडलेली नसते. पुढे एका खोल विहिरीत तीन छोटे प्राणी भिंतींवर टणाटण उड्या मारत वर जाताना दिसतात. ती शिकवणी आहे. भिंतीवरून उडी मारताना सगळे एकच गोष्ट चुकतात: दिशा आणि उडी एकदम दाबतात. गिरकी घेत भिंतीकडे झेपावा, भिंतीला टेकताच आधी उलट दिशा दाबा, सॅमस, म्हणजे गेमची नायिका, पाय रोवल्यासारखी दिसली की मग उडी. गिरकीशिवायच्या सरळ उडीत हे जमतच नाही. आणि ती काचेची नळी, जिच्यातून तुम्ही कित्येकदा ये-जा केलेली असते, तिच्या आत पॉवर बॉम्ब टाकून बघा. एवढंच सांगतो.

पुढचा परिच्छेद कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट (1997) चा, त्यात थोडा भेद फुटणार आहे. रिक्टर या बॉसला मारल्यावर गेम संपतो आणि नावं वर सरकू लागतात. हा खोटा शेवट आहे; निम्मा गेम अजून बाकी असतो. सोन्याची आणि चांदीची अंगठी दोन्ही घालून घड्याळाच्या खोलीत उभं राहिलात की खालची वाट उघडते, तिथे मारिया नावाच्या पात्राकडून होली ग्लासेस हा चष्मा मिळतो. तो घालून रिक्टरऐवजी त्याच्या डोक्यावर तरंगणाऱ्या हिरव्या गोळ्यावर वार करायचे. मग जे उघडतं त्यामुळेच नकाशाची टक्केवारी 200 च्या वर जाते.

त्या काळचे काही गेम खोक्यावर आणि पुस्तिकेवरही अवलंबून होते. मेटल गिअर सॉलिड (1998) ‘सीडीच्या कव्हरमागे बघ’ म्हणतो तेव्हा खरोखरच्या कव्हरमागे छापलेला 140.15 हा गेममधल्या रेडिओचा आकडा अपेक्षित असतो. स्टारट्रॉपिक्स (1990) मध्ये खोक्यातलं पत्र पाण्यात बुडवल्यावर 747 हा गेममध्ये लागणारा संकेतांक उमटायचा. तेव्हा खेळायला बसण्याआधी स्कॅन केलेली पुस्तिका शोधून ठेवा. सॉनिक 3 (1994) मधल्या कार्निव्हल नाइट या लेव्हलमध्ये वाट अडवणाऱ्या पिंपाचं उत्तरही सांगून टाकतो, तिथे उड्या मारून काही होत नाही: वर आणि खाली आळीपाळीने, पिंपाच्या झोक्याच्या लयीत दाबत राहा.

एम्युलेटरमधल्या रिवाइंडबद्दल माझं मत कडक आहे. लेव्हलच्या सुरुवातीला सेव्ह करा, मध्ये नको. दर चुकीला मागे गेलात तर बॉसची चाल हाताला कधीच बसत नाही आणि पुढचा बॉस दुप्पट जड जातो.

मूळ कार्ट्रिज वापरणार असाल तर आत फुंकर मारू नका. थुंकीच्या ओलाव्याने कन्सोलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला 90 टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या. सेव्ह टिकत नसेल तर बॅटरी गेलेली असते. सुपर निन्टेंडोच्या कार्ट्रिजमध्ये सहसा 3 व्होल्टची सीआर2032 असते. उघडायला 3.8 मिमीचा खास पाना लागतो. पत्र्या आधीच जोडलेल्या बॅटरीच घ्या, कारण थेट बॅटरीवर डाग दिला तर ती तापून फुटू शकते. जुनी काढताच सेव्ह पुसलं जातं, म्हणून आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या उपकरणाने त्याची प्रत काढून ठेवा.