डी वरून सी: आजची मॅच

रविवार, रात्री साडेनऊ

आज सकाळी पिस्तूल शूटिंगची मॅच होती, टेक्सासचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर, आणि आत्ता अंघोळ करून बसलोय तरी बोटांना तो टार्गेटवर लावायच्या खाकी टेपचा चिकटपणा आहेच. डोक्यात आकडे फिरतायत म्हणून लिहून काढतो, नाहीतर झोप यायची नाही.

यूएसपीएसएची, म्हणजे इथल्या प्रॅक्टिकल शूटिंगच्या संघटनेची, मेंबरशिप घेतली तेव्हा नावापुढे यू लागला होता, म्हणजे अनक्लासिफाईड. मला वाटलं शाळेसारखं असेल, मॅचमध्ये चांगले मार्क पडले की वरचा वर्ग. पहिल्या मॅचचा रिझल्ट फोनवर आला त्यात माझ्यापुढे ५२ टक्के होते आणि मी खूष, कारण सी क्लास ४० पासून, बी ६० पासून, म्हणजे बी काय फार लांब नाही. बायकोला पण तसंच सांगितलं. नंतर वेबसाईटवर त्याच मॅचमधल्या क्लासिफायर स्टेजचे, म्हणजे क्लास ठरवणाऱ्या एका टप्प्याचे, ३१ टक्के दिसले आणि मी चक्रावलो, एकाच दिवसाचे दोन आकडे कसे काय?

स्क्वॉडमधल्या एका काकांनी टार्गेटला टेप लावता लावता समजावलं. मॅचचे टक्के त्या दिवशी जो पहिला आला त्याच्या तुलनेत असतात. तो कच्चा असला तर आपले टक्के वाढतात, कुणी मुरलेला आला तर घसरतात. क्लासिफायरचं तसं नसतं. ती ठरलेली स्टेज, देशभरात सगळीकडे तीच मांडणी तेच अंतर, आणि प्रत्येक डिव्हिजनसाठी, म्हणजे पिस्तुलाच्या प्रकारानुसार पडणाऱ्या गटासाठी, तिचा एक हाय हिट फॅक्टर ठरलेला, तो म्हणजे शंभर टक्के, आपलं माप त्याच्याशी. मग तुमच्या रेंजवर त्या दिवशी कोण आलं होतं याला काही अर्थ उरत नाही. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, खरंच, कारण ३१ हा आकडा खरा होता आणि खऱ्या आकड्यावर काम करता येतं.

हिट फॅक्टर म्हणजे पॉइंट भागिले सेकंद, बास. माझं डिव्हिजन कॅरी ऑप्टिक्स, ९ एमएम, वर रेड डॉट, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच, आणि इथे सगळ्यांनाच मायनर स्कोरिंग, म्हणजे कमी ताकदीच्या गोळीचे गुण, टार्गेटच्या मधल्या भागाला, अल्फाला ५, त्याबाहेर चार्लीला ३, डेल्टाला १ आणि गोळी चुकली की उणे १०. सुरुवातीला मी वेळेच्या मागे लागलो होतो. एकदा बारा गोळ्यांची स्टेज ९.२० सेकंदात मारली, टायमर बघून छाती फुगली, आणि मग आरओने, म्हणजे रेंज ऑफिसरने, वाचलं, सहा अल्फा, चार चार्ली, दोन मिस. तीस अधिक बारा वजा वीस, म्हणजे बावीस पॉइंट, हिट फॅक्टर २.३९. त्याच वेळेत ते दोन मिस नुसते चार्ली जरी लागले असते तरी ४८ पॉइंट झाले असते, म्हणजे ५.२२, दुपटीहून जास्त. त्या रात्री मी हे गणित चार वेळा करून बघितलं होतं.

क्लास लागायला निदान चार क्लासिफायर लागतात. माझे पहिले चार ३१, ३८, ४४, ३५, सरासरी ३७, म्हणजे डी. ४० च्या आत सगळे डी. वर सी, बी, मग ७५ ला ए, ८५ ला मास्टर, ९५ ला ग्रँडमास्टर. पुढे अलीकडच्या आठांपैकी सर्वात चांगले सहा धरतात. नंतरचे दोन ४१ आणि ४३ आले, तरी सहांची सरासरी ३८.६७ च, कारण तो ३१ पाय धरून बसलेला.

आज क्लासिफायर होता एल प्रेसिडेंटे. पाठ टार्गेटकडे, मनगटं खांद्याच्या वर, बीप झाला की वळायचं, पिस्तूल काढायचं, दहा यार्डावरच्या तीन टार्गेटना दोन दोन, रिलोड, परत दोन दोन. स्टँडबाय म्हणल्यावर बीप व्हायच्या आधी जी शांतता असते ना, त्यात मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मी फक्त एकच ठरवलं होतं, डॉट दिसल्याशिवाय ट्रिगर नाही.

११.८० सेकंद. तिसऱ्या टार्गेटवर एक भोक अल्फाच्या रेषेला चिकटून, ती रेष म्हणजे पुठ्ठ्यातलं बारीक छिद्रांचं काम, लांबून दिसत पण नाही. आरओ वाकला, जवळून बघितलं आणि म्हणाला अल्फा. रेषेला शिवलं की वरचे पॉइंट मिळतात. दहा अल्फा, दोन चार्ली, ५६ पॉइंट, हिट फॅक्टर ४.७५.

गाडीत एसी लावून हिशोब केला. ४५ टक्के बसतात. आता सात झाले, सगळ्यात कमी ३१ गळतो, राहिलेल्या सहांची सरासरी ४१. सी! वेबसाईटवर यायला वेळ लागेल पण आकडा तर माझ्यासमोर आहे.

इथे बरेच जण म्हणतात क्लासकडे बघू नका, मॅच बघा. घरी एकच स्टेज घोटून वर चढलेल्यांना पेपर जीएम, म्हणजे कागदावरचे ग्रँडमास्टर, म्हणतात, आणि बक्षिसासाठी मुद्दाम खाली राहणारे सँडबॅगर. असतील, पण माझ्यासारख्या नवख्याला हे अक्षर लागतंच, नाहीतर आपण कुठे उभे आहोत ते कळणार कसं.

कोल्हापूरला बाबांना फोन केला. राही सरनोबत आमच्या गावची, त्यामुळे त्यांना पिस्तूल म्हणजे ६०० पैकी किती एवढंच ठाऊक. ४१ टक्के ऐकून जरा वेळ गप्प, मग म्हणाले, "गेल्या खेपेपेक्षा वर आहे न्हवं? मग झालं तर."

टायमरमध्ये अजून एक आकडा होता, सहाव्या आणि सातव्या गोळीमध्ये ३.१० सेकंद. तो माझा रिलोड. अकरातले तीन सेकंद नुसते मॅगझिन बदलण्यात गेले, म्हणून उद्यापासून गॅरेजमध्ये, पिस्तूल रिकामं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, रोज पंधरा मिनिटं फक्त तेवढंच.