सरकारी रुग्णालयातल्या सॉफ्टवेअरची प्रेसनोट : माझा अनुभव

जिल्हा रुग्णालयात केसपेपरची नवी प्रणाली बसवलेल्या एका कंपनीची प्रेसनोट मी काढली. लिहायला एक दिवस लागला, परवानगीला पाच आठवडे. म्हणून आधी मजकूर नव्हे, करार उघडावा. खात्याच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्धी करायची नाही, असं कलम सरकारी करारांत बहुधा असतंच. "द्या, काही हरकत नाही" हे तोंडी बोलणं पुढे कामाला येत नाही. पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे द्यायचं, सोबत अंतिम मसुदा आणि फोटो जोडायचे आणि आवक क्रमांक टिपून ठेवायचा. नस्ती, म्हणजे आपल्या पत्राची फाइल, कुठल्या टेबलावर आहे हे त्याच क्रमांकावरून कळतं. मंजुरीनंतर एक वाक्य जरी बदललं, तरी नस्ती पुन्हा खालून वर चढते. आचारसंहिता तोंडावर असेल तर तारीख आधीच पुढे ढकलावी.

सगळ्यात जास्त वेळ एका वाक्यावर गेला. कंपनीच्या मसुद्यात होतं, "आभामुळे रुग्णाचा संपूर्ण वैद्यकीय इतिहास एका क्लिकवर." आभा म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन या केंद्र सरकारच्या योजनेतली रुग्णाची आरोग्य ओळख. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर या मिशनला जोडण्याचे तीन टप्पे आहेत. एम-१ मध्ये १४ अंकी आभा क्रमांक काढणं आणि पडताळणं, एम-२ मध्ये रुग्णालयातल्या नोंदी रुग्णाच्या आभाशी जोडून त्याच्या संमतीने इतरांना देणं, एम-३ मध्ये दुसरीकडच्या नोंदी संमतीने मागवून पाहणं. या प्रणालीचा फक्त एम-१ झाला होता. म्हणजे इतिहास दिसायचा प्रश्नच नव्हता. शेवटी छापून आलं ते असं : "रुग्णाने खिडकीवरचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला की नाव, वय, पत्ता नोंदणी कक्षात पोहोचतो आणि टोकन मिळतं." बातमीदाराला हे खिडकीवर उभं राहून तपासता येतं, म्हणून ते टिकतं.

"राज्यात पहिलीच" हे शब्द पुरावा नसेल तर काढून टाकावेत. "वेळ निम्म्यावर" म्हणायचं असेल तर किती दिवसांची, कुठल्या खिडकीची नोंद, ते सोबत हवं. सॉफ्टवेअर एक्स-रे वाचून निदान सुचवत असेल, तर प्रकरण वेगळं. १ एप्रिल २०२० पासून असं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येतं. परवान्यात जो उपयोग लिहिलाय, त्यापलीकडचा दावा प्रेसनोटमध्ये करायचा नाही.

अधिकाऱ्यांच्या तोंडी दिलेल्या विधानात, म्हणजे कोटमध्ये, कंपनीचं नाव घालू नये. शासकीय अधिकारी एखाद्या उत्पादनाची भलामण करताना दिसला तर तो अडचणीत येतो, आणि कोट हमखास कापला जातो. रांग, रुग्ण, कर्मचारी यांवर दोन वाक्यं लिहून द्यावीत. ती लवकर मंजूर होतात.

फोटोत माझी मोठी चूक झाली. खिडकीचा छान फोटो मोठा करून पाहिला, तर पडद्यावर एका बाईंचं नाव आणि मोबाइल क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. नाव झाकून भागवण्यापेक्षा चाचणी नोंद उघडून फोटो पुन्हा काढला. रांगेतला चेहरा ओळखू येत असेल, तर त्या माणसाची मराठीत लिहिलेली संमती घ्यावी. आपण दवाखान्यात आहोत हे गावाला कळू नये असं त्याला वाटत असू शकतं, आणि त्याचा तो हक्क आहे.

पाठवताना मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये द्यावा. पीडीएफमधून मराठी उचलली की जोडाक्षरं फुटतात आणि उपसंपादक बातमी बाजूला ठेवतो. फोटोओळ डावीकडून नावं व हुद्द्यांसह असावी. मेल दुपारी दोनच्या आत गेलेला बरा.

फोन येतात ते बहुतेक एकाच प्रश्नाचे : ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचं काय? आभा ऐच्छिक आहे, पूर्वीसारखा केसपेपर खिडकी क्रमांक दोनवर मिळतो, हे उत्तर मी प्रेसनोटच्या दुसऱ्याच परिच्छेदात घातलं होतं.