६३५ वर थांबायचं की नाही

जीमॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठी दिलेल्या परीक्षेचा, निकाल स्क्रीनवर आला : ६३५. तीन विभागांचे गुण : क्वांट (गणित) ८५, व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) ८३, डेटा इनसाइट्स (तक्ते-आकडे वाचून निष्कर्ष, थोडक्यात डीआय) ७७. तेव्हापासून भेटेल तो विचारतोय, "परत देणार ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य, "देऊन टाक गं, जातंय काय?"

जातं बरंच काही. फी जाते, ती सोडा. पण ऑफिस सुटल्यावर जेवढं डोकं शिल्लक असतं, तेवढ्यातच अर्जाचे निबंध लिहायचेत, शिफारसपत्रांसाठी साहेबांच्या मागे लागायचंय आणि बहुतेक बी-स्कूलांची (एमबीएच्या कॉलेजांची) अर्जांची पहिली फेरी सप्टेंबरच्या आसपास बंद होते. नियम काही आडवे येत नाहीत. १६ दिवसांनी परत बसता येतं, १२ महिन्यांत ५ वेळा. शिवाय निकाल पाहून मगच तो कुठे पाठवायचा ते ठरवता येतं, न पाठवलेला कोणाला दिसत नाही. एवढी मोकळीक असली की नको म्हणायची जबाबदारी आपल्यावरच येऊन पडते.

ऑफिसातल्या एका ज्येष्ठांचं मत ठाम : "सातशेच्या खाली अर्जच करू नकोस." त्यांनी जुनी परीक्षा दिलेली. नवी आली नोव्हेंबर २०२३ मध्ये, आणि जुनी जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. आता स्केल २०५ ते ८०५, प्रत्येक स्कोअरच्या शेवटी ५. जुन्या ७०० च्या तोडीचा नवा स्कोअर ६४५ च्या आसपास धरतात. म्हणजे त्यांच्या सातशेपासून मी जेमतेम एक पायरी खाली आहे. हे सगळं समजावलं, भूमिती गेली, सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारणं) गेलं, परीक्षेतला निबंध गेला हेही सांगितलं, तर म्हणाले, "मग सोपीच झाली की!" तिथे मी विषय बदलला.

मला जास्त पटला तो मॉकचा, म्हणजे सराव परीक्षांचा, पुरावा. माझ्या ऑफिशियल मॉक ६२५ ते ६५५ मध्ये फिरत होत्या. मॉकला ६८५ येत असते आणि परीक्षेत ६३५ पडले असते, तर त्याच रात्री पुढची तारीख घेतली असती. इथे तसं काही नाही. त्या दिवशी झोप नीट झाली होती, सेंटर शांत होतं, कशावर खापर फोडायचं?

मोह होतो तो डीआयमुळे. तिन्ही विभागांना सारखं वजन आहे, आणि ढोबळ हिशेब असा की तिघांच्या बेरजेत ३ गुण वाढले की एकूण स्कोअर २० ने वाढतो. डीआय ७७ चा ८० केला की ६५५. कागदावर काय, होतंच. प्रत्यक्षात २० प्रश्नांना ४५ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सव्वादोन मिनिटं, आणि त्यात मल्टी-सोर्स रीझनिंगचा संच येतो. (परीक्षेतले प्रश्न सांगायला मनाई आहे, पण साचा सगळ्यांना माहीत आहे.) दोन-तीन टॅब, एकात पत्रव्यवहार, दुसऱ्यात तक्ता, तिसऱ्यात आणखी अटी. सगळं वाचून प्रश्नाकडे वळेपर्यंत घड्याळ बरंच पुढे गेलेलं असतं. मग तीन विधानं, प्रत्येकाला हो की नाही, आणि तिन्ही बरोबर आली तरच गुण. अर्ध्या उत्तराला काही नाही. माझ्या रिपोर्टमध्ये प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ दिसतो : या संचावर भरपूर, शेवटच्या प्रश्नांना उरलासुरला. हा वेग पंधरवड्यात वाढत नाही, मला तरी नाही. आणि डीआय वाढवण्याच्या नादात क्वांट ८५ चा ८२ झाला, की पुन्हा ६३५ च! ही बाजू "देऊन टाक"वाले कधीच सांगत नाहीत.

स्कोअर कशासाठी हवा, हेही बघायला हवं. माझी पदवी साहित्याची, नोकरी प्रकाशनात, संपादनाची. माझा अर्ज वाचणाऱ्याला पहिली शंका येणार ती आकडेमोडीची, आणि तिला क्वांटच्या ८५ ने उत्तर मिळतं. ६५५ ने त्याहून वेगळं काय मिळणार? ज्या बी-स्कूलांची यादी मी केली आहे, त्यांनी जाहीर केलेल्या स्कोअरच्या पट्ट्यात ६३५ बसतो. सरासरीच्या खाली आहे, पण पट्ट्याच्या आत.

खरी दुसरी शंका आहे ती "तुला एमबीए कशाला?" ही. पुस्तकांच्या हक्कांची खरेदी-विक्री आणि छापायच्या प्रतींचा अंदाज, यातलं पैशाचं गणित मला शिकायचंय. हे तोंडाने एका दमात सांगते, पण निबंधात उतरत नाही. पहिला मसुदा ताईला वाचायला दिला, तर म्हणाली, "अगं, हे तर राजीनाम्याचं पत्र वाटतंय."

तर सध्या तरी नाही. संध्याकाळ निबंधाला दिली आहे. पहिल्या फेरीत मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही, तर बऱ्याच ठिकाणची दुसरी फेरी जानेवारीत असते, तिथल्या वेगळ्या बी-स्कूलांसाठी परत बसेन, आणि तेव्हा डीआय पहिला विभाग म्हणून घेईन. स्कोअर पाच वर्षं चालतो, हा ६३५ कुठे पळून जात नाही.